घरगुती ध्वनिमुद्रणाची समीक्षा : दोषाकडून अर्थाकडे

प्रस्तावना

संगीतसमीक्षेत रचना, गायन आणि शब्द यांची चर्चा विपुल होते. ध्वनिमुद्रणाच्या पोताची क्वचितच होते. अल्प साधनांवर घरीच मुद्रित केलेल्या, मुद्दाम जुन्या वळणाच्या पॉप गीतसंग्रहांनी हा प्रश्न समीक्षेपुढे ठळकपणे उभा केला. मुद्रणातील खरखर हा दोष मानावा की आशयाचा भाग, हा तो प्रश्न होय. नांदेड-लातूर परिसरातील कॅसेटबद्ध गीतपरंपरेच्या संदर्भातही तो तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विवेचन केले आहे.

घर आणि यंत्र

1979 साली टीॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र मार्गांनी मुद्रण करण्याची सोय त्यात होती. त्यामुळे एकाच व्यक्तीला एकामागून एक वाद्ये वाजवून संपूर्ण गाणे घरी सिद्ध करता येऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा 'नेब्रास्का' (1982) अशाच यंत्रावर घरी मुद्रित झाला. ते मुद्रण मुळात कच्चा नमुना म्हणून केले होते. परंतु वाद्यवृंदासह केलेले मुद्रण त्या तोडीचे न वाटल्याने नमुनाच प्रसिद्ध करण्यात आला.

'द डोलड्रम्स' आणि समीक्षकांतील मतभेद

लॉस एंजेलिस येथील एरियल पिंक यांनी 'द डोलड्रम्स' हा संग्रह 2000 च्या सुमारास घरी मुद्रित केला. तालवाद्यांचे आवाजही त्यांनी तोंडानेच काढले होते. 2004 साली 'पॉ ट्रॅक्स' या संस्थेने तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा समीक्षकांत दुमत झाले. चांगल्या चाली धूसर मुद्रणाखाली दडपल्या गेल्या, असे एका बाजूचे मत होते. दुसऱ्या बाजूच्या मते ही धूसरता हाच आशय होता. बालपणी रेडिओवर ऐकलेले गाणे जसे अर्धवट आठवते, तशीच ही गाणी ऐकू येतात.

या दुसऱ्या भूमिकेला परिभाषा मिळाली ती 2009 साली. डेव्हिड कीनन यांनी 'द वायर' या नियतकालिकात 'हिप्नॅगॉजिक पॉप', म्हणजे झोप आणि जाग यांच्या सीमेवरचे पॉप, ही संज्ञा योजली. 2010 मध्ये पिंक यांच्या 'बिफोर टुडे' या तुलनेने स्वच्छ मुद्रणाच्या संग्रहाचे मोठे स्वागत झाले. मात्र 2011 साली सायमन रेनॉल्ड्स यांनी 'रेट्रोमेनिया' या ग्रंथात, पॉप संस्कृती स्वतःच्याच भूतकाळात गुरफटत असल्याची चिंता व्यक्त केली. सारांश, खरखर हा सरसकट दोष नाही, तसा सरसकट गुणही नाही. ती गाण्यात काही कार्य करते काय, हाच निकष ठरतो.

मुंबईचे उदाहरण

मुंबईचे वादक चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा संग्रह 1982 साली एच.एम.व्ही.ने काढला. तो घरगुती मुद्रणाचा नव्हे. पण एकट्या वादकाने यंत्रांच्या साहाय्याने घडविलेला आहे. त्या काळी तो दुर्लक्षित राहिला. 2010 साली नेदरलँड्समधील 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेने तो पुनर्प्रकाशित केल्यावर समीक्षकांना त्यात शिकागोच्या 'ॲसिड हाउस' संगीताची पूर्वखूण ऐकू आली. सिंग यांना कीर्ती मिळाली ती उतारवयात. 2015 साली त्यांचे निधन झाले. तबकडी टिकली म्हणूनच हे पुनर्मूल्यांकन शक्य झाले. परंतु परिभाषा परकी असल्याने त्यातील रागविचारापेक्षा शिकागोशी असलेल्या साम्याचीच चर्चा अधिक झाली, हेही लक्षणीय आहे.

नांदेड-लातूरचा संदर्भ

मराठवाड्यात 14 एप्रिलच्या जयंतीनिमित्त होणाऱ्या गायनाच्या कार्यक्रमांत भीमगीतांची परंपरा जिवंत आहे. कॅसेटच्या काळात श्रोत्यांनी टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून केलेली मुद्रणे आणि त्यांच्या प्रतींवरून काढलेल्या प्रती हे अशा गाण्यांच्या प्रसाराचे एक साधन होते. प्रत्येक प्रतीगणिक खरखर वाढत जाई. जुन्या चित्रपटगीतांच्या चालींवर नवे शब्द बसविण्याची प्रथाही रूढ होती. रूढ निकषांनुसार अशी कॅसेट दोनदा नापास होते : मुद्रण सदोष आणि चाल उसनी. परंतु निवेदकाची घोषणा, 'वन्समोअर'ची मागणी, ढोलकीवर क्षणभर दबलेला शब्द यांतून त्या मेळाव्याचे स्वरूप कळते. उसन्या चालीमुळे ओळखीच्या सुरांतून अनोळखी आशय श्रोत्यापर्यंत पोहोचतो. स्टुडिओतील स्वच्छ मुद्रणात या खुणा उरत नाहीत.

असा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (1972) आणि दया पवारांचे 'बलुतं' (1978) यांतील भाषेने प्रस्थापित अभिरुचीला धक्का दिला होता. रांगडेपणा ही उणीव नसून अनुभवाचीच भाषा आहे, ही जाणीव रुजविण्यात डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'चा, म्हणजेच मराठवाड्यातून निघालेल्या नियतकालिकाचा, मोठा वाटा आहे. शब्दांना लावलेला हा निकष ध्वनीलाही लावता येईल.

निष्कर्ष

समीक्षेच्या आधी जतन आवश्यक असते. चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील मराठी, समाजशास्त्र व संगीत विभागांना घरोघरी पडून असलेल्या कॅसेटचे संकलन व अंकीकरण हाती घेता येईल. गायक, गाव, प्रसंग आणि मूळ चाल यांची नोंद प्रत्येक कॅसेटसोबत असावी. अंकीकरण करताना खरखर पुसून टाकलेली प्रत ऐकण्यास सुखद वाटेल. अभ्यासासाठी मात्र मूळ ध्वनी जसाच्या तसा राखलेली प्रतच प्रमाण मानणे इष्ट होय.