बोटभर शिपायाचे डोळे

२०२४ च्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहायला गेलो होतो. ती इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला असते. पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी चहा देता देता ती म्हणाली, "भाईजान, तुम्ही तरी याला समजवा. खोलीचं दार लावून घेतो आणि तासन् तास हाडांचे सापळे रंगवत बसतो. म्हणे त्यांची लढाई लावायची असते. सोळा वर्षांच्या पोराला हे शोभतं का?"

मी होकार दिला. मी कविता लिहिणारा माणूस. लढाईचं कौतुक मला कधी वाटलं नाही आणि खेळण्यातल्या लढाईचं तर नाहीच. उपदेशाची चार वाक्यं मनात जुळवूनच मी भाच्याच्या खोलीत शिरलो. त्यानंतर जे झालं ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

टेबलावर दिवा होता. दिव्याखाली जेमतेम इंचभर उंचीची माणसं ओळीनं उभी होती. एका बाजूला वाळवंटातल्या कुठल्याशा जुन्या राजाची मेलेली फौज, म्हणजे भाले आणि धनुष्यं घेतलेले सापळे. दुसऱ्या बाजूला चिलखत घातलेले सरदार, त्यांचे घोडे आणि मागे फाटक्या कपड्यातली गरीब रयत. मी विचारलं, "यातली तुझी फौज कुठली?" तो म्हणाला, "सापळ्यांची. पण ज्याच्याकडे फौज नाही असा मित्र आला तर? म्हणून समोरचीही मीच रंगवतो."

शत्रूचीही फौज स्वतःच रंगवायची, हे ऐकून माझी चार वाक्यं तिथंच अडखळली.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो. साधारण सहा फूट बाय चार फुटांचं टेबल हे रणांगण. बुद्धिबळासारखी घरं त्यावर नसतात. कोण किती सरकणार ते टेपनं मोजायचं. माणूस एका चालीत चार इंच जातो, आखूड पायांचा बुटका तीन आणि चपळ वनवासी पाच. बाण लागला का, लागला तर जखम झाली का, झाली तर चिलखतानं वाचवलं का, हे सगळं फासे ठरवतात. भाच्याच्या खेळाचं नाव वॉरहॅमर. तो पहिल्यांदा १९८३ साली आला, त्याचं जुनं रूप २०१५ मध्ये बंद झालं आणि २०२४ च्या जानेवारीत नव्या रूपानं ते परत आलं. तो काढणारी गेम्स वर्कशॉप ही कंपनी १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली. आता तिचं मुख्यालय नॉटिंगहॅमलाच आहे. २०२४ च्या डिसेंबरात ती लंडनच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. पोरखेळ म्हणून हसण्यावारी न्यावी अशी ही गोष्ट राहिलेली नाही.

हे शिपाई पूर्वी शिशाच्या मिश्रधातूचे असत. शिसं विषारी, म्हणून १९९० नंतरच्या दशकात ते मागं पडलं आणि कथलाचा मिश्रधातू आला. आता बहुतेक शिपाई प्लॅस्टिकचे असतात. कंपनीत काम केलेल्या कारागिरांनी आसपास स्वतःचे कारखाने काढले, त्यामुळे त्या भागाला हौशी मंडळी गमतीनं 'शिशाचा पट्टा' म्हणतात. तिथले मायकेल आणि ॲलन पेरी हे जुळे भाऊ या कलेतले नावाजलेले शिल्पकार. १९९६ मध्ये फ्रान्समध्ये जुन्या लढाईचा देखावा चालू असताना तोफेच्या अपघातात मायकेल यांचा उजवा हात गेला. ते उजव्या हातानं काम करणारे होते. मग ते डाव्या हातानं शिपाई घडवायला शिकले. लुटुपुटीच्या लढाईतसुद्धा दारू खरी असेल तर हात खराच जातो. टेबलावरच्या लढाईत तेवढं भय नाही.

भाच्यानं माझ्या हातात एक प्लॅस्टिकची चौकट दिली. तिला हात, पाय, डोकी, भाले सुटे सुटे चिकटलेले होते. "मामू, एक तुम्ही करून बघा." मी रयतेतला एक शिपाई निवडला.

पहिलं काम कापण्याचं. चिमट्यासारख्या कात्रीनं एकेक भाग चौकटीपासून सोडवायचा. साच्याचे दोन अर्धे जिथं जुळतात तिथं अंगावर एक बारीक रेघ उठते. ती ब्लेडच्या उलट्या बाजूनं हळूच खरवडायची. ती राहिली तर रंग दिल्यावर जुन्या जखमेच्या व्रणासारखी दिसते. मग जोडकाम. प्लॅस्टिकचा हा डिंक चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. धातूला तो चालत नाही, तिथं सुपरग्लू लागतो. फटी राहिल्या तर निळ्या आणि पिवळ्या पट्टीची एक लांबी येते. दोन्ही मळल्या की हिरवा गोळा होतो आणि काही तासांत दगडासारखा कडक बनतो.

मग अस्तर. भिंतीला जसा प्रायमर, तसाच यालाही. त्याशिवाय रंग प्लॅस्टिकवर धरत नाही. त्यानंतर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग. इथं माझी फजिती झाली. मी बाटलीतला रंग उचलला तसाच लावला आणि शिपायाचं नाक, डोळे, तोंड सगळं बुजून गेलं. भाचा म्हणाला, "पाणी घाला, मामू. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ द्यायचे." त्यानं रंग धुऊन काढला आणि मी पुन्हा पहिल्यापासून बसलो.

खरी गंमत पुढं कळली. मूळ रंग दिल्यावर शिपाई सपाट दिसतो, चित्र कापून उभं केल्यासारखा. कारण सोपं आहे. तुमच्या-माझ्या सदऱ्याच्या चुणीत उजेड अडतो आणि सावली पडते. बोटभर माणसाच्या चुणीत सावली पडायला जागाच नसते, पडली तरी डोळ्याला ती दिसत नाही. म्हणून सावली रंगवावी लागते. पाण्यासारखा पातळ, गडद रंग वरून सोडायचा. तो आपोआप खळग्यांत उतरतो. याला वॉश म्हणतात. मग उंचवट्यांवर उजळ रंग. त्यासाठी ब्रश रंगात बुडवायचा, कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि अंगावरून हलकेच फिरवायचा. राहिलेला रंग फक्त कडांना लागतो. हाडाचा रंग, वर तपकिरी वॉश, वर कोरड्या ब्रशचा हात. एवढ्यात सापळा शंभर वर्षं वाळूत पडल्यासारखा दिसू लागतो.

सगळ्यात अवघड डोळे. डोळ्याच्या खाचेत आधी गडद रंग, त्यावर पांढरट आडवी रेघ आणि मध्ये काळी उभी रेघ, पापणीपासून पापणीपर्यंत. नुसता ठिपका दिला तर माणूस भूत बघितल्यासारखा डोळे वटारतो. मी श्वास रोखला, मनगट टेबलावर टेकवलं आणि रेघ ओढली. डावा डोळा जरा खाली गेला. तरीही त्या क्षणी प्लॅस्टिकचा तुकडा माझ्याकडे बघू लागला. भाला धरलेला, घाबरलेला शेतकरी. माझ्या चार संध्याकाळी त्यात गेल्या होत्या.

शेवटी पायाखालची चकती. डिंक लावून तिच्यावर वाळू आणि बारीक खोटं गवत पेरायचं. ते पेरताना मला माझं मिरजेतलं लहानपण आठवलं. दिवाळीत शेजारच्या अंगणात आम्ही पोरं दगडमातीचा किल्ला करायचो, त्यावर मोहरी आणि हळीव पेरायचो आणि कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजावर मांडायचो. पहारेकरी दरवाजापेक्षा उंच असायचा, पण आमचं काही अडत नसे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही पण खेळायचात की!" मला उत्तर सुचलं नाही.

शनिवारी त्याचा मित्र आला. रयतेच्या पलटणीत माझा शिपाई भाच्यानं शेवटच्या रांगेत उभा केला. माझं रंगकाम लोकांना दिसू नये, हा त्याचा मोठेपणा. पण या खेळात मेलेले शिपाई मागच्या रांगेतून उचलतात, म्हणजे पुढची फळी अखंड राहते. सापळ्यांनी बाण सोडले, फासे पडले आणि पहिला माझाच माणूस गेला. भाच्यानं त्याला दोन बोटांत धरून उचललं आणि स्पंजच्या खाचेत अलगद आडवा ठेवला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. चार संध्याकाळी घडवलेला माणूस एका फाशात गेला.

या खेळाला पूर्वज आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या लष्करात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावर लढाई मांडत. मात्र घरोघरच्या खेळाला नियम दिले ते एच. जी. वेल्स या लेखकानं. 'लिटल वॉर्स' हे त्याचं पुस्तक १९१३ साली निघालं. वेल्स मित्रांबरोबर जमिनीवर शिपाई मांडून खेळण्यातल्या तोफांनी ते पाडत असे. खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकलं युद्ध किती बरं, असं त्यानं मनापासून लिहिलं. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं.

म्हणून असे खेळ युद्ध थांबवतात, असा भाबडा दावा मी करणार नाही. छंद खर्चिक आहे, हेही खरं. भाच्याच्या कपाटात रंगवलेल्यांपेक्षा न उघडलेल्या पेट्याच जास्त आहेत आणि त्यावरून बहिणीची रोज कटकट चालते. पण एक फरक मला दिसला. पडद्यावरच्या खेळात शंभर माणसं क्षणात मरतात आणि कुणाचाही चेहरा आठवत नाही. इथं प्रत्येकाचा डोळा कुणीतरी श्वास रोखून काढलेला असतो, शत्रूचासुद्धा. एक माणूस उभा करायला किती वेळ लागतो आणि तो आडवा व्हायला किती, हा हिशेब त्या सोळा वर्षांच्या मुलाच्या बोटांना ठाऊक आहे. मला तो पन्नाशी उलटल्यावर कळला. आमच्या मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचे हात पुढं सतारी आणि तंबोरे घडवू लागले. हातांना चांगलं काम मिळालं की ते त्यात रमतात, एवढं मला घरच्या अनुभवानं माहीत असायला हवं होतं.

निघायच्या आदल्या रात्री बहिणीनं विचारलं, "मग भाईजान, समजावलंत का त्याला?" मी खिशातून माझा शिपाई काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "याचा एक डोळा खाली गेलाय."

तो शिपाई आता मिरजेला माझ्या लिहायच्या टेबलावर उभा आहे. डोळा मी तसाच ठेवला आहे.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)