पेडर रोडवरचं हरीण

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीने पार्सेच्या घरी पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने एक ड्रॅगन काढला. चवथीआधी भिंतीला चुना काढायचाच होता, म्हणून आजीने तिला ओरडणं आवरतं घेतलं. ड्रॅगनची शेपटी एका बाजूने तुटलेली होती. मी जवळ जाऊन निरखू लागलो, तशी ती मला धीर देत म्हणाली, "मामा, तो चावणा नाय."

तो टूथलेस होता. क्रेसिडा कॉवेल यांच्या पुस्तकावरून 2010 साली निघालेल्या 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' या ॲनिमेशनपटातला काळा ड्रॅगन. गावाने शत्रू मानलेल्या या जनावराशी हिकप नावाचा मुलगा मैत्री करतो आणि त्याच्या तुटक्या शेपटीला स्वतःच्या हाताने जोडपंख बनवून देतो. दिग्दर्शक ख्रिस सँडर्स आणि डीन डीब्लॉइस यांनी त्याआधी, 2002 साली, 'लिलो अँड स्टिच' केला होता. त्यात हवाईतली एक एकाकी मुलगी परग्रहावरचा उपद्रवी प्राणी कुत्रा समजून घरी आणते. हिकप ड्रॅगनसमोर तोंड फिरवून नुसता तळहात पुढे धरतो आणि ड्रॅगन थबकत थबकत त्या तळहाताला नाक लावतो, तो प्रसंग भाचीने मला लागोपाठ चार वेळा दाखवला. चौथ्या वेळी मला एक हरीण आठवलं.

ते मुंबईत काढलेलं हरीण आहे. 1957 सालचा 'द बॅनियन डियर', फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून फिल्म युनिटचा चित्रपट. पेडर रोडवरची ही सरकारी संस्था 1948 साली सुरू झाली आणि माहितीपट व वार्तापटांसाठी देशभर ओळखली गेली. तिच्यातला कार्टून विभाग 1956 चा. तिथल्या तरुण चित्रकारांना शिकवायला अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्यातून क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार आले. वीक्स मिशनरी आईबापांच्या पोटी भारतातच जन्मले होते. पुढे ते डिस्नेच्या स्टुडिओत गेले आणि 'स्नो व्हाइट', 'बॅम्बी', 'पीटर पॅन' या चित्रपटांवर त्यांनी काम केलं. 'बॅम्बी' 1942 चा. हरणाच्या पाडसाची ती गोष्ट जगभरच्या मुलांनी आपलीशी केली होती.

आता विचार करा. 'बॅम्बी'वर काम केलेला माणूस मुंबईत येतो आणि विद्यार्थ्यांसमोर पुन्हा हरणाचीच गोष्ट येते. मोठ्या डोळ्यांचं, लडखडत्या पायांचं तेच पाडस इथे गिरवणं सगळ्यांत सोपं होतं. तसं केलं असतं तर कुणी बोलही लावला नसता. पण या मंडळींनी अजिंठ्याकडे पाहिलं. गोष्ट जातकातली घेतली आणि आकृतींचं वळण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून बेतलं. मला या संस्थेबद्दल जे अगत्य आहे ते या एका निवडीमुळे. छद्दंत जातकातला हत्ती अजिंठ्याच्या भिंतीवर ज्यांनी रंगवला, त्यांना जनावराच्या अंगाचं वजन आणि त्याच्या मानेतला समजूतदारपणा दोन्ही ठाऊक होतं. त्या रेषेला चालायला लावायचं काम या तरुणांनी अंगावर घेतलं.

गोष्ट अशी. काशीच्या राजाला रोज हरणाचं मांस लागतं. त्याच्या उपवनात हरणांचे दोन कळप आहेत. रोजच्या शिकारीत मरणाऱ्यांपेक्षा घाबरून जखमी होणारीच जास्त, म्हणून कळप आपसांत ठरवतात की पाळीपाळीने एकेकाने स्वतःहून जायचं. दोन्ही कळपांच्या म्होरक्यांना राजाने अभय दिलेलं असतं. एके दिवशी पाळी येते गाभण हरिणीवर. तिची पाळी दुसऱ्यावर ढकलायला तिच्या कळपाचा म्होरक्या तयार होत नाही. तेव्हा निग्रोध, म्हणजे दुसऱ्या कळपाचा, वडाच्या नावाचा मृगराज, आपण होऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. अभय मिळालेलं हरीण मान टेकून बसलेलं बघून आचारी राजाकडे धावतो. राजा येतो, आधी हरिणीला सोडतो, मग कळपाला, आणि निग्रोध विचारत राहतो, बाकीच्या हरणांचं काय, चार पायांच्या इतरांचं काय, पाखरांचं काय, पाण्यातल्या माशांचं काय? प्रत्येक प्रश्नागणिक राजा एक पाऊल मागे येतो. शेवटी मांसाची थाळी मागणाऱ्या या माणसाला शहाणपण सांगणारा मित्र मिळतो, तो हरणाच्या रूपात. एकीकडे तळहात पुढे येतो, दुसरीकडे मान. दोन्ही ठिकाणी जो दुबळा आहे तोच आधी विश्वास टाकतो.

हे हरीण काढणाऱ्या कार्टून युनिटच्या तुकडीत जी. के. गोखले होते आणि राम मोहन होते. राम मोहन यांचा जन्म 1931 चा. शिक्षण रसायनशास्त्राचं आणि हात चित्रकाराचा. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं.

या कामात हात किती झिजतो ते सांगितल्याशिवाय या संस्थेची ओळख पुरी व्हायची नाही. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला 12 चित्रं. म्हणजे दहा मिनिटांच्या फिल्मला एकाच आकृतीची 7,200 चित्रं. कागदाला भोकं पाडलेली असतात. ती टेबलावरच्या खुंट्यांत बसवायची, म्हणजे चित्र जागचं हलत नाही. खालून दिवा. चार-पाच कागद बोटांच्या बेचक्यांत धरून मागे-पुढे फडफडवत हालचाल तपासायची. रेषा जमली की ती पारदर्शक सेलवर शाईने उतरवायची आणि सेल उलटून मागच्या बाजूने रंग भरायचा, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ राहते. अंगठ्याचा ठसा उमटला की चित्र वाया, म्हणून हातमोजे. मग रंगवलेल्या पार्श्वभूमीवर सेल ठेवून वरच्या कॅमेऱ्याने चौकट टिपायची, सेल बदलायची, पुन्हा टिपायची. हरणाने नुसता कान वळवला, तर त्या कानामागे एका माणसाची एक दुपार गेलेली असते.

आमच्या मुलखाला ही कला तशी परकी नाही. गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून बांदा, सावंतवाडी करत कुडाळच्या दिशेने गेलं की पिंगुळी लागते. तिथले ठाकर चित्रकथीची पोथी उघडतात. एकेक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने रामायणातला प्रसंग गायचा, मग पुढचं चित्र. चित्र जागचं हलत नाही, पण गाणारा त्याला हलवतो. तिथल्याच परशुराम गंगावणे यांनी 2006 साली आपल्या गोठ्याच्या जागेत ठाकरांच्या कलांचं संग्रहालय उभं केलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. फिल्म्स डिव्हिजनच्या जहांगीर भावनगरी यांनी जुन्या लघुचित्रांवरून कॅमेरा फिरवत 'राधा अँड कृष्णा' केला, तेव्हा त्यांनी हाच मार्ग धरला होता, असं मला वाटतं.

'बॅनियन डियर' तयार झाला तेव्हा आम्ही भारतात नव्हतो. पत्रादेवीच्या अलीकडे पोर्तुगीज होते. दोनच वर्षांपूर्वी, 15 ऑगस्ट 1955 ला, त्या नाक्यावर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट गोव्याच्या थिएटरांत राजरोस लागायला डिसेंबर 1961 उजाडावा लागला. भारतात परवान्याच्या अटीनुसार मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य लघुपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. त्यामुळे या युनिटला प्रेक्षक आयता मिळाला. माझी तक्रार एवढीच, की त्या प्रेक्षकांतल्या मुलांकडे कुणी नीट पाहिलं नाही. कुटुंबनियोजन, अल्पबचत, शेती, आरोग्य असे विषय या चित्रकारांच्या टेबलावर येत राहिले. ती कामंही त्यांनी जीव ओतून केली. पण हरणाने उघडलेली वाट पुढे हमरस्ता झाली नाही. निग्रोध मुलांच्या वह्यांच्या कव्हरांवर आला नाही, कुणी त्याला भिंतीवर कोळशाने काढलं नाही.

वाट अगदीच मोडली असंही नाही. 1974 साली विजया मुळे यांनी भीमसेन यांच्या साथीने 'एक अनेक और एकता' केला. जाळ्यासकट उडणारी पाखरं आणि जाळं कुरतडणारे उंदीर एका पिढीला तोंडपाठ झाले. भीमसेन याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगवत घडले. राम मोहन यांनी 1972 साली स्वतःचा स्टुडिओ काढला. नंतर युगो साको यांच्याबरोबर भारत-जपानचं 'रामायण' केलं. ते 1992 साली पुरं झालं. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2019 साली ते गेले. 2022 साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. तिच्याच आवारातल्या गुलशन महालात आज भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे.

पेडण्याच्या भगवतीच्या दारात दोन मोठे दगडी हत्ती उभे आहेत. लहानपणी देवळातून निघताना मी त्यांच्या सोंडेला हात लावल्याशिवाय पुढे जात नसे. भाचीही लावते. परवा तिथून परतताना मी तिला निग्रोधाची गोष्ट सांगितली. ठोकळ्यावर मान ठेवतो तिथे ती थांबली आणि म्हणाली, तेव्हा त्याचे कान कसे होते?

ते काही मला सांगता येईना. घरी आल्यावर आम्ही शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात हरणाचं डोकं काढायला बसलो. कान आधी उभे, मग थोडे कलते, मग पुरते मागे. बारा चित्रांना दोन संध्याकाळी लागल्या. सातव्या चित्रात तिने डोळा जरा वर काढला, त्यामुळे अंगठ्याने पानं सोडली की हरीण मध्येच दचकतं. मी ते खोडायला निघालो, तिने खोडू दिलं नाही. आता पाऊस लागलाय. वही सर्दावून पानं एकमेकांना चिकटतात. चुलीजवळ जरा शेकवून घेतल्याशिवाय कान हलत नाहीत.