कॉम्प्युटर भंगारात काढण्यापूर्वी

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत चार जुने कॉम्प्युटर आहेत. एका कचेरीने नवे घेतले तेव्हा जुने आम्ही मागून आणले, टेम्पोचे भाडे वर्गणीतून दिले. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पडद्यावर सूचना येऊ लागली की विंडोज १० ची मुदत संपली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या विंडोजची सुरक्षेची नियमित दुरुस्ती बंद केली. पुढे काही अटींवर वर्षभराची मुदतवाढ देऊ केली, एवढेच. दुकानदाराला बोलावले. त्याने मशीन उघडून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, याच्यावर विंडोज अकरा चढत नाही. हे आता भंगार समजा."

आम्ही चक्रावलो. पडदा चालतो, कळफलक चालतो, पोरे रोज त्यावर बसतात आणि हे भंगार कसे? दुकानदाराचे म्हणणे मात्र खरे होते. विंडोज ११ साठी कंपनीने विशिष्ट सुरक्षा चिप आणि त्या मानाने नवा प्रोसेसर आवश्यक ठेवला आहे. आमच्या मशीनमध्ये दोन्ही नाहीत.

अभ्यासिकेतला एक डिप्लोमाचा मुलगा म्हणाला, "काका, लिनक्स टाकून बघू." त्याने पेनड्राइव्ह आणला, तासाभरात एक मशीन तयार केले. इंटरनेट सुरू, पत्र लिहायचा प्रोग्राम सुरू, हिशेबाचे तक्ते सुरू, मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलकही आतच. खर्च शून्य. तेव्हा आमच्या मनात जो प्रश्न आला तो वाचकांच्याही मनात आला असेल. हे इतके चांगले आणि फुकट आहे, तर घरोघरी का नाही?

आधी हे आहे काय ते सांगतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडदा, कळफलक, प्रिंटर या सर्वांना कामाला लावणारा जो मुख्य प्रोग्राम असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही एका कंपनीच्या मालकीची. तिच्यात आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. आपण बाजारातून तयार मसाला आणावा आणि पुडीवर कृती नसावी, तसे. लिनक्सच्या पुडीत मसाल्याबरोबर कृतीही मिळते. ती कोणीही वाचावी, तिखट कमीजास्त करावे, शेजाऱ्याला द्यावे. अट एकच की देताना कृतीही द्यायची, लपवायची नाही. ही अट अमेरिकेच्या रिचर्ड स्टॉलमन यांनी घातली. त्यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे काम जाहीर केले होते. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो याच अटीखाली सर्वांना खुला केला.

आज जगातले ५०० सर्वांत शक्तिमान कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा त्याच गाभ्यावर उभा आहे. म्हणजे भाजी विकणाऱ्या मावशीही लिनक्स वापरतात, त्यांना ते माहीत नाही इतकेच. परंतु टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीप्रमाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये लिनक्सचा वाटा जगभरात ४ टक्क्यांच्या आसपास होता.

याचे कारण गुणात नाही, असे आमचे मत झाले आहे. फोनवर अँड्रॉइड कोणी हाताने टाकले नाही. फोन घेतला तेव्हा ते आत होतेच. कॉम्प्युटर घेतला तेव्हा विंडोज आत होते. माणूस जे डब्यातून निघते ते वापरतो. २००७ मध्ये तैवानच्या आसुस कंपनीने लिनक्स घातलेला लहानसा स्वस्त लॅपटॉप काढला. तो हातोहात खपला. लगेच मायक्रोसॉफ्टने अशा लहान लॅपटॉपसाठी जुन्या विंडोज एक्स्पीचे आयुष्य वाढवले आणि थोड्याच काळात त्या डब्यातूनही विंडोज निघू लागले.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली, ती कोणी उघड बोलत नाही. ज्या काळी जोडलेला कॉम्प्युटर घ्यायची पद्धत होती, तेव्हा दुकानदार कॉपी केलेले विंडोज फुकटच टाकून देई. गिऱ्हाईकाला विंडोजची किंमत कधी कळलीच नाही. चोरीचा माल फुकट मिळत असताना हक्काच्या फुकट मालाला कोण विचारणार? आम्ही स्वतःही त्याच कॉपीवर वर्षानुवर्षे काम केले आहे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनीला लागलो, तेव्हा एम.एस.-सी.आय.टी.चे सर्टिफिकेट मिळवावे लागले. त्यात जे शिकलो ते विंडोज आणि मायक्रोसॉफ्टचे ऑफिस. कॉमर्सच्या मुलांना टॅली हवे, आणि टॅली विंडोजवर चालते. ज्याच्यावर नोकरी अवलंबून, तेच गरीब घरातील मूल शिकणार. त्याला दोष कसा द्यावा?

केरळने ही गाठ शाळेतच सोडवली, म्हणून ते उदाहरण आम्हांला मोठे वाटते. तेथील सरकारी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर आणताना नुसते कॉम्प्युटर बसवून सरकार थांबले नाही. शिक्षकांना शिकवले, त्यांच्यातून इतरांना शिकवणारे तयार केले, पुस्तके त्याच सॉफ्टवेअरवर लिहिली आणि परीक्षाही त्यावरच घेतली. मलयाळम भाषेसाठी स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंगच्या स्वयंसेवकांनी फॉन्ट आणि टायपिंगची सोय करून ठेवली होती. हे काम पाहणाऱ्या काइट या सरकारी कंपनीने २०१९ मध्ये सांगितले की दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती बसेल आणि राज्याचे ३००० कोटी रुपये वाचतील. आकडा कंपनीचा आहे, पण मजुराचे मूल आणि अधिकाऱ्याचे मूल एकाच सॉफ्टवेअरवर शिकते आणि ते घरी नेण्यास कोणाचा परवाना लागत नाही, हे तर डोळ्यांना दिसते.

उलट उदाहरणही सांगितले पाहिजे. जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला धावले होते! तरीही पालिकेने सुमारे १५ हजार कॉम्प्युटर बदलले, २०१३ पर्यंत काम पूर्ण केले. पुढे सत्ता बदलली, बाहेरून येणाऱ्या फाइली नीट उघडत नाहीत अशा तक्रारी वाढल्या आणि २०१७ मध्ये पालिकेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. फ्रान्सच्या जांदार्मरी पोलिसांनी मात्र घाई केली नाही. २००५ मध्ये आधी फक्त ऑफिसचा प्रोग्राम बदलला, मग इंटरनेटचा. माणसांचा हात बसल्यावर २००८ पासून विंडोज काढायला घेतले. ते हजारो कॉम्प्युटरवर टिकले. जर्मनीचेच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य २०२४ पासून ३० हजार कॉम्प्युटरसाठी याच वाटेने निघाले आहे.

फाइलींची तक्रार आम्हीही अनुभवली. आमच्या जयंतीची जुनी पत्रके, सभांचे इतिवृत्त लिनक्सवर उघडले तर कागदभर इंग्रजी अक्षरांची खिचडी. पोरे म्हणाली, हे लिनक्स मराठी वाचत नाही. शोध घेतला तेव्हा कळले की ती पत्रके युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट नसेल तर नव्या विंडोजवरही तीच खिचडी दिसते. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी दोन्हीकडे स्वच्छ उघडले. लिनक्सवर लोहित नावाचा देवनागरी फॉन्ट आहे, तोही मुक्तच. आता पत्रके युनिकोडमध्येच करायची, असे ठरवले. जुनी पुन्हा टाइप करण्याचे काम मात्र बाकी आहे आणि त्याला कोणी हात लावीत नाही.

चारही मशीनवर लिनक्स टाकावे असे आम्हांला फार वाटत होते. एके संध्याकाळी एक ताई आल्या. घरकाम करतात, मुलगी बारावीनंतर क्लास करते. म्हणाल्या, "दादा, पोरगी इथं एका तऱ्हेनं शिकली आन् क्लासात गेली तर बटनंच दुसरीकडं. सर ओरडले तिला. उद्या नोकरीच्या परीक्षेला असंच झालं तर?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. केरळ, फ्रान्स सांगून त्या माउलीच्या मुलीची परीक्षा निघणार नव्हती. ज्याच्या घरी एकच संधी येते, त्याच्यावर प्रयोग करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

कार्यकर्त्यांची बैठक घेतली. बरीच वादावादी झाली. डिप्लोमाचा मुलगा म्हणाला, दोन्ही शिकलेली पोरे कुठेच अडणार नाहीत. हे सर्वांना पटले. तीन मशीनवर लिनक्स राहिले, लहान मुलांना त्यावरच बसवतो. त्यांना दुसरे माहीत नसल्याने अडचणही येत नाही. चौथ्यावर जुने विंडोज १० ठेवले, इंटरनेटची वायर काढून. त्यावर टॅली आणि परीक्षेचा सराव. ताईंची मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे बसते. त्या मशीनपुढे रांग लागते म्हणून वेळेची वही ठेवावी लागली आहे.