निकोटीनपासून स्पाइसपर्यंत

१८५० च्या नोव्हेंबरात बेल्जियममधल्या बित्रमाँच्या वाड्यात गुस्ताव्ह फुनी अचानक दगावला. संशय मेहुण्यावर, काउंट बोकार्मेवर. त्याने तंबाखूतून निकोटीन काढून ठेवलं होतं आणि खून लपवण्यासाठी प्रेतावर व्हिनेगर ओतलं होतं. वनस्पतींची विषं एकदा शरीरात मुरली की सापडत नाहीत, असं तेव्हा ओरफिलासारख्या विषशास्त्रातल्या दिग्गजालाही वाटे. ब्रुसेल्सच्या जाँ सर्व्हे स्तास या रसायनतज्ज्ञाने ते खोटं ठरवलं. अवयवांचे तुकडे त्याने अल्कोहोल आणि आम्लात भिजवले, गाळले, मग अल्कली घालून द्रावण ईथरबरोबर घुसळलं. ईथर उडून गेल्यावर तळाशी तेलकट थेंब उरले आणि त्यांना तंबाखूचा उग्र दर्प होता. १८५१ मध्ये काउंट गिलोटिनखाली गेला. पुढे ओटोने सुधारलेली ही रीत आजही पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्याकडे ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं बातमीत वाचतो, तेव्हा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेल्या त्या अवयवांची तपासणी स्तासच्याच वाटेने सुरू होत आली आहे.

१८९६ मध्ये मार्कीचा अभिकर्मक आला. अफूच्या अर्काला तो जांभळा रंग देतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री एकत्र आल्या आणि अगदी सूक्ष्म अंशही सापडू लागले.

आता पेच उलटा झाला. सापडलं, पण ते आलं कुठून? खसखस खाल्ली तरी लघवीत मॉर्फिन येतं. म्हणून अमेरिकेत १९९८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या चाचणीतली मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. हेरॉइनचंही शरीरात शेवटी मॉर्फिनच होतं; ते रक्तात काही मिनिटांतच मोडतं, पण वाटेत ६-मोनोअॅसिटिलमॉर्फिन तयार होतं, जे खसखशीतून कधीच येत नाही. ते दिसलं तरच हेरॉइन म्हणायचं. एखाद्याची नोकरी, कधी आयुष्यही, या एका रेणूवर अवलंबून असतं, म्हणून पहिल्या झटपट चाचणीवर थांबणं मला अक्षम्य वाटतं.

२००८ च्या अखेरीस जर्मनीत ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांत जेडब्ल्यूएच-०१८ हे गांजासारखी नशा देणारं कृत्रिम द्रव्य सापडलं. ते ओढणाऱ्यांच्या गांजाच्या चाचण्या निगेटिव्ह येत, कारण त्या वेगळ्याच रेणूसाठी बनवलेल्या होत्या. तेव्हापासून थोडा फेरफार करून नवनवी द्रव्यं बाजारात येतच आहेत. आता उच्च विभेदनाच्या यंत्रांवर नमुन्यातल्या बहुतेक रेणूंचं वस्तुमान नोंदवून ठेवता येतं. नव्या द्रव्याचं नाव कळलं की ती जुनी नोंद पुन्हा उघडून त्यात शोधतात.