विश्लेषण : मैदान बदलले की नियमही बदलतो? अमेरिकेतील हौशी सॉफ्टबॉलमध्ये पंचांच्या निर्णयांवरून वाद का?

अमेरिकेत उन्हाळा सुरू झाला की शहरोशहरीच्या उद्यानांत संध्याकाळी दिवे लागतात आणि कार्यालये, चर्च, कारखाने, मित्रमंडळी यांचे संघ स्लो-पिच सॉफ्टबॉल खेळायला उतरतात. खेळ हौशी, पण वाद खरे. मंगळवारी जो चेंडू वैध ठरतो तोच गुरुवारी अवैध ठरतो. एका पंचाने बाद ठरवलेली बॅट दुसरा पंच हातात घेऊनही पाहत नाही. हा केवळ पंचांचा हलगर्जीपणा आहे की खेळाच्या रचनेतच काही गोम आहे?

स्लो-पिच म्हणजे काय?

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ मध्ये शिकागोत झाला. ऑलिम्पिकमध्ये आणि महाराष्ट्रातील शालेय-महाविद्यालयीन स्पर्धांत दिसतो तो फास्ट-पिच प्रकार. स्लो-पिचमध्ये पिचरला चेंडू खालून, सावकाश आणि कमानीसारखा उंच टाकावा लागतो. क्षेत्ररक्षणाला नऊऐवजी दहा खेळाडू असतात. चेंडू फटकावणे सोपे असल्याने कोणत्याही वयाची, कोणत्याही कुवतीची व्यक्ती खेळू शकते. लोकप्रियतेचे कारण तेच आणि वादाचे मूळही तिथेच. चेंडू किती ‘सावकाश’ आणि किती ‘उंच’, हे ठरवायचे कोणी?

नियमपुस्तक एकच नाही का?

नाही. १९३३ मध्ये स्थापन झालेली आणि आता ‘यूएसए सॉफ्टबॉल’ म्हणून ओळखली जाणारी संघटना एक नियमपुस्तक चालवते. १९६८ मध्ये स्लो-पिचसाठीच सुरू झालेल्या ‘यूएसएसएसए’चे पुस्तक वेगळे. ज्येष्ठांच्या स्पर्धांचे तिसरे. चेंडूच्या उंचीचेच उदाहरण घ्या. ‘यूएसए सॉफ्टबॉल’नुसार तो जमिनीपासून किमान ६ आणि कमाल १० फुटांपर्यंत जावा. ‘यूएसएसएसए’मध्ये किमान मर्यादा ३ फूट आहे. ज्येष्ठांच्या स्पर्धांत कमाल मर्यादा १२ फूट. होमरन किती मारता येतील यावर गटागटानुसार बंधन असते. त्यापुढचा होमरन मारणारा अनेक ठिकाणी चक्क बाद होतो.

त्यात स्थानिक लीगची भर. कोणी प्लेटमागे रबरी चटई अंथरून तिच्यावर पडलेला चेंडू स्ट्राइक धरते, कोणी दोन स्ट्राइकनंतर एक फाऊल माफ करते. आपल्याकडच्या गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आऊट’ एका गल्लीत चालते आणि पलीकडच्या गल्लीत नाही, तसेच हे. मात्र इथे प्रवेशशुल्क असते, गुणतालिका असते आणि पंचही पैसे देऊन बोलावलेला असतो. आठवड्यात दोन-तीन लीगमध्ये उभा राहणारा पंच आणि खेळणारा खेळाडू, दोघांच्याही डोक्यात नियमांची सरमिसळ होते.

पंचांना अडचण कोणती?

साध्या लीग सामन्यात बहुधा एकच पंच असतो. त्याला ५० फुटांवरून सुटलेला चेंडू हवेत १० फुटांच्या वर गेला की नाही हे कोणत्याही खुणेविना ठरवायचे असते. त्याच वेळी पिचरचा पाय जागेवर होता का, चेंडू टाकण्यापूर्वी तो क्षणभर थांबला का, हेही पाहायचे असते. त्यामुळे प्रत्येक पंच नकळत ठरवतो की कोणत्या नियमाकडे काटेकोर पाहायचे आणि कोणत्याकडे कानाडोळा करायचा.

व्यावसायिक पंचही यातून सुटलेले नाहीत. डॅनियल चेन, टोबियास मॉस्कोविट्झ आणि केली श्यू यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेजर लीग बेसबॉलचे निर्णय तपासले. आधीचा चेंडू स्ट्राइक दिला असेल, तर तशाच पुढच्या चेंडूला स्ट्राइक देण्याची शक्यता किंचित घटते, असे त्यात दिसले. मेजर लीगने २०२६ च्या हंगामापासून अशा निर्णयांवर यंत्राकडे दाद मागण्याची सोय केली. उद्यानातल्या पंचाला ती मिळणार नाही.

प्रत्येक ‘दुर्लक्ष’ ही चूक असते का?

नाही, आणि बरेचसे वाद इथेच सुटू शकतात. धावताना बेसला पाय लागला नाही, झेल पूर्ण होण्याआधीच खेळाडू बेसवरून निघाला किंवा फलंदाजीचा क्रम चुकला, तर पंचाने स्वतःहून बोलायचे नसते. प्रतिस्पर्धी संघाने अपील केले तरच तो निर्णय देतो. तसेच उंचीची मर्यादा मोडलेल्या चेंडूवर पंच अवैध म्हणून ओरडला, तरी फलंदाजाने बॅट फिरवली की तो इशारा रद्द होतो आणि खेळ पुढे चालू राहतो. प्रेक्षकाला वाटते, पंचाने निर्णय फिरवला. प्रत्यक्षात त्याने नियमच पाळलेला असतो.

दाद मागण्यालाही मर्यादा आहे. चेंडू किती उंच गेला, धावणारा आधी पोहोचला का, हे पंचाच्या नजरेचे निर्णय. त्यावर औपचारिक आक्षेप चालत नाही. नियमाचा अर्थच चुकीचा लावला असेल तर चालतो, पण तो पुढचा चेंडू पडण्यापूर्वी नोंदवावा लागतो.

सर्वात मोठा धोका कोठे?

बॅटच्या तपासणीत. ‘यूएसए सॉफ्टबॉल’च्या चाचणीत बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाला ताशी ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाचा चेंडू ५० फूट अंतर साधारण ०.३५ सेकंदात कापतो. पिचरकडे तेवढाच वेळ असतो. काही खेळाडू कॉम्पोझिट बॅट आतून तासून घेतात किंवा रोलरमधून काढून मऊ करतात. बाहेरून शिक्का तोच दिसतो, फटका मात्र वेगवान होतो. मोठ्या स्पर्धांत बॅट दाबून तपासणारे यंत्र असते. स्थानिक लीगमध्ये पंच शिक्का पाहतो, तोही कधी कधी. फेरफार केलेली बॅट वापरणाऱ्याला बाद करून मैदानाबाहेर काढण्याची तरतूद आहे. पण तपासणीच झाली नाही तर ती कागदावरच राहते. चेंडूच्या उंचीबाबतची ढिलाई एखादी धाव घेते, बॅटबाबतची ढिलाई एखाद्याचा जबडा मोडू शकते.

उपाय काय?

अधिक कडक पंच आणा, ही मागणी नेहमीची. पण पंच आणायचे कोठून? अमेरिकेतील शालेय क्रीडा महासंघाने २०२२ मध्ये सांगितले होते की २०१८-१९ पासून सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडले. खेळाडू-प्रेक्षकांची शिवीगाळ हे त्यातले एक मोठे कारण मानले जाते. प्रत्येक निर्णयावर अंगावर धावून जाणाऱ्या लीगला अनुभवी पंच टिकवता येत नाही. नवखा येतो आणि निर्णयांतील तफावत आणखी वाढते.

त्यामानाने स्वस्त उपाय हाताशी आहेत. कोणते नियमपुस्तक आणि त्यातले कोणते अपवाद लागू, हे हंगामापूर्वी एका पानावर लिहून सर्व संघांना व पंचांना देणे. स्ट्राइकसाठी चटई वापरणे, म्हणजे निदान एक निर्णय नजरेऐवजी जमिनीवरच्या खुणेवर होतो. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांसमोर सर्व बॅट एकत्र तपासणे. आणि ज्या नियमाची अंमलबजावणी करायची नाही, तो यादीतून सरळ काढून टाकणे. ढिला नियम सर्वांना सारखा लागू झाला तर खेळाडू जुळवून घेतात. पाचव्या इनिंगमध्ये अचानक आठवलेला नियम मात्र, तो कितीही बरोबर असला तरी, समोरच्या संघाला अन्यायच वाटतो.