कानाची साक्ष

अॅनालॉग प्री-अॅम्प्लिफायरमधून येणारा आवाज ऊबदार, डिजिटलचा मात्र कोरडा, असे अनेक जाणकार रसिक सांगतात. त्यांची साक्ष आम्ही खोटी मानीत नाही. पण साक्ष म्हटली की तिची उलटतपासणी आलीच.

प्रथम प्री-अॅम्प्लिफायरचे काम पाहू. तबकडीच्या सुईकडून येणारा विद्युत्‌संकेत अवघा काही सहस्रांश व्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले व तारस्वर उचललेले असतात. संकेत वाढविणे आणि हा तोल पूर्ववत् करणे, हे त्याचे काम. तो व्हॉल्व्हचा असेल, तर बहुधा स्वतःची भरही घालतो: मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, हळूच मिसळतो. तंबोऱ्याची जवारी जशी तारेचा स्वर भरदार करते, तसेच हे. ही ऊब गोड खरी. पण ती गायकाच्या गळ्यातली नव्हे, यंत्रातली.

आता डिजिटलकडे वळू. १९८२ साली आलेली कॉम्पॅक्ट डिस्क सेकंदास ४४,१०० वेळा आवाजाचे माप घेते. दोन मापांमधला आवाज गळतो, ही समजूत बरोबर नाही. सर्वांत उंच स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा माप घेतले, तर मूळ तरंग पुन्हा उभा करता येतो, हे क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडले. आपला कान फार तर २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो.

मग कानाचे काय? २००७ साली मेयर आणि मोरन यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. उत्तम ध्वनिमुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचे अंकीकरण, श्रोत्यांस न सांगता, कधी घातले, कधी काढले. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवूनही एवढेच आले असते!

अशा परीक्षेत एक पथ्य मात्र पाळावे लागते. दोन्ही आवाज समान पातळीवर हवेत. कारण किंचित मोठा आवाज कानास अधिक चांगला वाटतो.

सीडीचा कोरडेपणा पुष्कळदा खराही असतो. पण त्याचे कारण बहुधा अंक नसून, मुद्रण करताना लहानमोठा आवाज एकाच उंचीवर रेटण्याचा हव्यास हे असते.

तेव्हा व्हॉल्व्हची गोडी ज्यास आवडते त्याने ती खुशाल घ्यावी. मात्र आवड ही आवड म्हणून सांगावी, सत्य म्हणून विकू नये, एवढेच आमचे मागणे.