ब्रुकलँड्सचं काँक्रीट

१९०६ साली इंग्लंडच्या सार्वजनिक रस्त्यावर ताशी २० मैलांपेक्षा, म्हणजे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं मोटार हाकणं हा गुन्हा होता. स्टॉपवॉच घेऊन कुंपणाआड दबा धरून बसलेले पोलीस तेव्हाच्या मोटारवाल्यांच्या पाचवीला पुजलेले होते. फ्रान्स आणि इटलीत मात्र रस्ते बंद करून शर्यती भरवल्या जात. त्यामुळे तिथले कारखानदार गाड्या जीव तोडून पळवत, मोडत आणि मोडलेल्या सुधारत. ब्रिटिश कारखानदाराला आपली गाडी पूर्ण ताकदीनं किती पळते आणि कुठे दम सोडते, हे पाहायची सोयच नव्हती.

ही उणीव एका जमीनदाराला खुपली. ह्यू लॉक किंग १९०५ मध्ये इटलीत ब्रेशियाची शर्यत पाहायला गेले होते आणि तिथे त्यांना एकही ब्रिटिश गाडी दिसली नव्हती. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या वेब्रिजजवळ त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. त्या जमिनीवर स्वतःच्या खर्चानं त्यांनी जे उभं केलं ते ब्रुकलँड्स. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला जगातला हा पहिला ट्रॅक. शर्यतींचं मैदान म्हणून तो ओळखला जातो, पण त्याची खरी कमाई शर्यतींपलीकडची आहे.

नमुना म्हणून समोर ठेवावा असा दुसरा ट्रॅक जगात नव्हता. आराखडा कर्नल होल्डन या तोफखान्यातल्या अधिकाऱ्यानं केला. सुमारे पावणेतीन मैलांचा, म्हणजे जवळपास साडेचार किलोमीटरचा लंबगोल, रुंदी १०० फूट आणि दोन टोकांना बाहेरच्या कडेनं उचललेली प्रचंड वळणं. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकल भिंतीला चिकटून फिरते, त्यामागचं तत्त्व तेच. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते आणि तिरपी जमीन तिला आत दाबून धरते. जितका वेग जास्त, तितकी गाडी वर चढते. ब्रुकलँड्सच्या वळणाची वरची कड जवळपास तीन मजली इमारतीएवढ्या उंचीवर होती.

सुमारे नऊ महिन्यांत शेकडो मजुरांनी हे काम उरकलं. झाडं तोडली, मातीचे डोंगर हलवले, वे नदीचा प्रवाह वळवला आणि तिच्यावर पूल टाकून ट्रॅक पलीकडे नेला. खर्च दीड लाख पौंडांच्या घरात गेला. लॉक किंग यांची तब्येत ढासळली, तेव्हा पत्नी एथेल यांनी सूत्रं हाती घेतली आणि काम तडीस नेलं. १७ जून १९०७ रोजी उद्घाटन झालं तेव्हा गाड्यांच्या मिरवणुकीत सर्वांत पुढची गाडी एथेल स्वतः चालवत होत्या.

ट्रॅकच्या जन्मातच एक खोट राहिली होती. एवढ्या तिरप्या उतारावर डांबर घालून रोलर फिरवणं त्या काळी जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सगळीकडे काँक्रीट ओतलं. तेही सळ्या न घालता, भरावाच्या मातीवर. माती बसत गेली तसं काँक्रीट खचलं आणि तडकलं. दर हिवाळ्यात ट्रॅक बंद ठेवून डागडुजी करावी लागे. वे नदीच्या पुलापाशी तर असा उंचवटा तयार झाला की वेगात आलेली गाडी तिथे सरळ हवेत उडायची. चारही चाकं अधांतरी असलेल्या गाड्यांचे फोटो ब्रुकलँड्सची ओळख होऊन बसले. चालकांची हाडं खिळखिळी व्हायची, गाड्यांच्या स्प्रिंगा आणि चासी तुटायच्या. पण गुळगुळीत रस्त्यावर वर्षानुवर्षं लपून राहिला असता असा दोष या काँक्रीटवर तासाभरात बाहेर पडायचा. कारखानदारांना नेमकं हेच हवं होतं.

शर्यती कशा भरवायच्या याचेही नियम तयार नव्हते, ते सरळ घोड्यांच्या रेसकोर्सवरून उचलले. सुरुवातीला गाड्यांवर नंबर नसत, चालक जॉकीसारखे रंगीत रेशमी अंगरखे घालून बसत. गाड्या उभ्या करायच्या जागेला ‘पॅडॉक’ म्हणत, आणि फॉर्म्युला वनमध्ये आजही तोच शब्द चालतो. शर्यती बहुधा हँडिकॅप पद्धतीच्या: कमी ताकदीची गाडी आधी सुटायची, दांडगी गाडी शेवटी. आमच्याकडे गर्दी नको, ‘योग्य’ लोक हवेत, असा जाहिरातींचा तोरा होता. ही श्रीमंतांची हौस होती, हे लपवायची कुणाला गरज वाटत नव्हती.

उद्घाटनाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच सेल्विन एज यांनी नेपियर गाडी घेऊन सलग २४ तास एकट्यानं चालवायची पैज मांडली. सोबत आणखी दोन नेपियर होत्या. रात्री ट्रॅकच्या कडेनं शेकडो लाल कंदील लावले. दिवस उजाडून पुन्हा संध्याकाळ झाली तेव्हा एज यांनी १,५८१ मैल कापले होते, म्हणजे सरासरी ताशी १०६ किलोमीटर. रस्त्यावरच्या कायदेशीर मर्यादेच्या तिपटीहून जास्त वेग, तोही दिवसभर आणि रात्रभर.

शेजाऱ्यांना हा पराक्रम काही रुचला नाही. आजूबाजूच्या बंगलेवाल्यांनी कोर्ट गाठलं आणि रात्रीच्या धावण्यावर कायमची बंदी आली. त्यामुळेच १९२९ पासून तीन वर्षं इथे ‘डबल ट्वेल्व्ह’ नावाची चमत्कारिक शर्यत झाली: चोवीस तासांची, पण दोन दिवसांत बारा-बारा तास वाटलेली. मधल्या रात्री गाड्या कुलूपबंद, त्यांना हात लावायचा नाही. आवाजावरूनही पुन्हा खटले झाले, तेव्हा प्रत्येक गाडीला मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. माशाच्या शेपटीसारखं तोंड असलेला तो ‘ब्रुकलँड्स’ सायलेन्सर जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांवर आजही दिमाखानं मिरवताना दिसतो.

फेब्रुवारी १९१३ मध्ये पर्सी लँबर्ट यांनी टॅलबॉट गाडीतून एका तासात १०० मैलांहून अधिक अंतर तोडलं. असं करणारे ते जगातले पहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, याच ट्रॅकवर, टायर फुटून ते गेले. पुढच्या पंचवीस वर्षांत ब्रुकलँड्सनं अनेकांचे बळी घेतले, तरी वेगाचे भुकेले येतच राहिले. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची शिल्लक इंजिनं स्वस्तात मिळू लागली आणि हौशी मंडळींनी ती मोटारींवर चढवली. काउंट झ्बोरोव्स्की यांनी मर्सिडीजच्या चासीवर २३ लिटरचं मायबाख इंजिन बसवलं आणि गाडीला नाव दिलं ‘चिट्टी बँग बँग’. १९२१ मध्ये तिनं ब्रुकलँड्सच्या शर्यती जिंकल्या. इयन फ्लेमिंग यांनी मुलांसाठी लिहिलेल्या उडत्या गाडीच्या गोष्टीचं नाव तिथूनच आलं.

या सगळ्या राक्षसी गाड्यांत शिरोमणी म्हणावी ती नेपियर-रेल्टन. फर विकणारे व्यापारी जॉन कॉब यांच्यासाठी रीड रेल्टन यांनी तिचा आराखडा केला. ती बांधली थॉमसन अँड टेलर यांच्या, ट्रॅकच्याच आवारातल्या वर्कशॉपमध्ये, १९३३ साली. इंजिन विमानाचं, नेपियर लायन. चार-चार सिलिंडरच्या तीन रांगा, एक उभी आणि दोन तिच्या दोन बाजूंना कललेल्या. आकार जवळपास २४ लिटर. आपल्याकडच्या १.२ लिटरच्या छोट्या गाडीची अशी वीस इंजिनं एकत्र केली की तेवढा आकार होईल. गिअर फक्त तीन आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना, कारण या ट्रॅकवर थांबण्यापेक्षा न थांबण्याचाच प्रश्न मोठा होता. मागच्या धुऱ्याला दोन्ही बाजूंनी दुहेरी पाटे दिले होते, तेही पुलाजवळच्या त्या उंचवट्यावर गाडी आदळते म्हणून.

७ ऑक्टोबर १९३५ रोजी कॉब यांनी या गाडीतून एक फेरी सुमारे ६९ सेकंदांत मारली. वेग ताशी १४३.४४ मैल, म्हणजे जवळपास २३१ किलोमीटर. हा ब्रुकलँड्सचा विक्रम कुणी मोडला नाही आणि आता मोडणारही नाही.

बायकांना इथे सहज प्रवेश मिळाला नाही. १९०८ मध्ये ‘लेडीज ब्रेसलेट’ नावाची एक शर्यत झाली, ती म्युरियल थॉम्पसन यांनी जिंकली, पण त्यानंतर आयोजकांनी बरीच वर्षं दार लावून घेतलं. १९३५ च्या ऑगस्टमध्ये के पेट्री आणि ग्वेंडा हॉक्स यांची जुगलबंदी रंगली. पाच फूटही उंची नसलेल्या पेट्री साडेदहा लिटरच्या डेलाजमध्ये बसायच्या, पाय पोचावेत म्हणून पेडलांना ठोकळे लावून. त्यांनी ताशी १३४.७५ मैलांची फेरी मारली, तर हॉक्स यांनी १३५.९५ मैलांची फेरी मारून त्यांच्यावर मात केली.

ब्रुकलँड्सची खरी कमाई कोणती, हे मात्र बिआट्रिस शिलिंग यांच्याकडे पाहून कळतं. त्या इंजिनिअर होत्या. १९३४ मध्ये नॉर्टन मोटारसायकलवर ताशी १०६ मैलांची फेरी मारून त्यांनी इथलं मानाचं ‘गोल्ड स्टार’ पदक मिळवलं. पुढे महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं एकाएकी सूर मारताना अडखळू लागली. कार्बोरेटरमधलं इंधन उसळून आधी पुरवठा तुटायचा, मग एकदम पूर यायचा. शत्रू पाठीवर असताना हा क्षण जीवघेणा होता. शिलिंगबाईंनी उपाय काढला तो छिद्र पाडलेल्या एका छोट्या पितळी चकतीचा, जी इंधन मापात सोडायची. ती बसवायला विमान मोर्च्यावरून हलवावं लागत नसे. इंजिन कुठे गुदमरतं हे ज्यांनी ट्रॅकवर स्वतः अनुभवलं होतं, त्यांच्या हातून हे घडलं.

विमानं तशी या ट्रॅकच्या पोटातच वाढली होती. विमानं बांधणारे ए. व्ही. रो यांनी आपलं पहिलं विमान इथेच, ट्रॅकशेजारच्या शेडमध्ये ठेवून आजमावलं. मग विकर्स आणि हॉकर या विमान कंपन्या आल्या. कॉब यांच्या विक्रमानंतर जवळपास एका महिन्यानं, ६ नोव्हेंबर १९३५ रोजी, याच लंबगोलाच्या आतल्या मैदानावरून हॉकर हरिकेनच्या पहिल्या नमुन्यानं उड्डाण केलं. बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये ब्रिटिश हवाईदलाचा मुख्य भार वाहिला तो या हरिकेननंच.

शेवटची शर्यत ७ ऑगस्ट १९३९ रोजी झाली. युद्धात कारखान्याला जागा हवी होती म्हणून ट्रॅक फोडला, शत्रूला वरून दिसू नये म्हणून त्यावर झाडं लावली. सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात विकर्सचे ८० हून अधिक कामगार ठार झाले. १९४६ मध्ये सगळी जागा विकर्सला विकली गेली आणि मोटारींचा अध्याय संपला. इंग्लंडमधल्या शर्यती मग सिल्व्हरस्टोन, गुडवूडसारख्या रिकाम्या पडलेल्या युद्धकालीन विमानतळांवर गेल्या. आपल्याकडेही तीच तऱ्हा: मद्रासजवळचं शोलावरम ही युद्धकाळातली धावपट्टी, आणि मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरही गाड्या पळाल्या.

१९९१ मध्ये ब्रुकलँड्सचं संग्रहालय खुलं झालं. १९०७ चं क्लबहाउस, गाड्यांची चढण्याची ताकद आजमावणारी ‘टेस्ट हिल’, पेट्रोल कंपन्यांच्या टुमदार टपऱ्या आणि उंच वळणाचे उरलेले तुकडे तिथे जपलेले आहेत. नेपियर-रेल्टनही तिथे आहे. मधल्या काळात ती एका चित्रपटात झळकली, पुढे विमानांचे ब्रेक-पॅराशूट तपासायच्या कामाला जुंपली गेली, आणि अखेर घरी परतली. तिचं इंजिन आजही सुरू करून दाखवतात.

जुन्या गाड्यांचे शौकीन महाराष्ट्रात कमी नाहीत. व्हिंटेज रॅली निघते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी राहतात. पण आपली आस्था क्रोमच्या चकाकीपाशी थांबते. गाडी ज्या धावपट्टीवर पळाली, ज्या गॅरेजमध्ये उघडली गेली, ज्या मेकॅनिकनं तिच्या कार्बोरेटरच्या जेटची मापं वहीत टिपली, ते सगळं आपण भंगारात घालतो. ब्रुकलँड्सवाल्यांनी तडकलेलं काँक्रीटसुद्धा राखलं, म्हणून तिथल्या गाड्या तशा का बांधल्या गेल्या हे आज समजतं. तुमच्या घरी, गॅरेजात किंवा क्लबात जुहूच्या शर्यतींचं एखादं कार्यक्रमपत्रक, फोटो किंवा मेकॅनिकची वही पडून असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोतल्या माणसांना ओळखणारं कुणी हयात आहे तोवर मागे नावं आणि साल लिहून ठेवा.